जुन्या भागांतली पात्रं आता पोकळ वाटतात, तेव्हा काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या एका खेड्यावर बेतलेलं वऱ्हाडी वेबकॉमिक, साडेतीन वर्षं झाली, १४० भाग झाले. गज्या हा नायक, त्याचा दारुडा काका, मिशीवाला सावकार, गावची आशा सेविका रेखा ही नायिका, आणि तिसऱ्याच भागात आत्महत्या करून गेलेला बाप. आता पहिले साठ भाग लेखकालाच वाचवत नाहीत. ते पुन्हा काढावेत, पुसून टाकावेत, की तसेच ठेवून पुढे जावं?

पुन्हा काढायला बसू नका. भागाला सहा ते आठ चौकटी धरल्या तर साठ भागांच्या तीनशे साठ ते चारशे ऐंशी चौकटी होतात. एकट्या माणसाचं त्यात वर्ष जातं, चालू गोष्ट थांबते, वाचक पांगतात. वर्षाने हात आणखी सुधारलेला असतो, म्हणजे नव्याने काढलेले साठही डोळ्यांत खुपायला लागतात. पात्र दुरुस्त करायची जागा १४१ व्या भागात आहे. मागच्या पानांना हात लावण्याची कारणं तीनच. ती पुढे येतीलच.

सुरुवात वाचनापासून. सगळे भाग फोनवर वाचा, संगणकावर नको, कारण मोठ्या पडद्यावर तुमचं लक्ष रेघांकडे जातं आणि माणसं निसटतात. जवळ वही ठेवा, प्रत्येक मुख्य पात्राला स्वतंत्र पान. पाच रकाने आखा: भाग क्रमांक, गोष्टीतला महिना, या भागात त्याला काय पाहिजे होतं, ते मिळवायला त्याने स्वतःहून काय केलं, आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाचं काही बदललं का. वाचताना दुरुस्ती सुचली तरी लिहायची नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर सरळ आडवी रेघ मारा, ओढूनताणून भरू नका. 'गज्याला मदत करायची होती' असं तीन भाग सलग लिहावं लागलं तर तीही रेघच समजा, कारण ती गरज गज्याची आहे, त्या पात्राची नाही.

बहुतेक गावाकडच्या कॉमिकांत ही वही सारखीच दिसते. नायकाचं पान भरलेलं. काकाच्या पानावर रेघाच रेघा. नायिकेच्याही. सावकाराच्या पानावर खालपासून वरपर्यंत एकच शब्द, 'पैसे'. आणि आईचं पान आखलेलंच नसतं, कारण ती मुख्य पात्र आहे हे लेखकाला तोवर सुचलेलंच नसतं. माझा ठोकताळा असा: दहा भागांत सातपेक्षा जास्त रेघा असतील तर त्या पात्राला पुढच्या पाच भागांत स्वतःचं काहीतरी मागायला लावा, नाहीतर त्याला काही काळ गोष्टीतून बाहेर ठेवा.

असं होतं याचं कारण साधं आहे. सुरुवातीला वाचक बांधलेला नसतो. प्रत्येक भागाला एकट्याने हसवावं लागतं, म्हणून पात्राला एका चौकटीत ओळखू येणारी एकच खोड दिली जाते: एक ढोसतो, एक ओरडतो, एक लाजते. जिथे काळ चालत नाही तिथे हे अगदी बरोबर बसतं. 'चिंटू' १९९१ च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं लहानच राहिला. रोजचा वाचक कोऱ्या मनाने येतो, कालचं आज लागत नाही. तुमच्या तिसऱ्या भागात मात्र बाप मेला. मरण आलं की काळ चालू होतो, तेरवी होते, पेरणी येते, कर्जाची मुदत भरते. गोष्ट कादंबरीसारखी पुढे जायला लागली आणि पात्रं मात्र वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीतलीच राहिली. तुम्हाला वाटणारा पोकळपणा बहुतेक या फटीतला आहे, चित्रकलेतला नाही.

यातून बाहेर पडायच्या दोन वाटा बाहेरच्यांनी चालून दाखवल्या आहेत. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे इंग्रजी वेबकॉमिक २००३ मध्ये एका खेळाच्या नियमांवरच्या विनोदांनी सुरू झालं. त्यातली काडीची माणसं म्हणजे त्या खेळातल्या भूमिकांची थट्टा होती. पुढे ती मोठी गंभीर कथा झाली, तरी सुरुवातीचे भाग तसेच राहिले आणि माणसंही काडीचीच राहिली. दुसरी वाट अमेरिकी वेबकॉमिककार डेव्हिड विलिस यांची: १९९७ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात सुरू केलेल्या 'रूमीज'मधली आणि तिच्या पुढच्या मालिकांतली पात्रं घेऊन त्यांनी २०१० मध्ये 'डम्बिंग ऑफ एज' या नावाने नवी सुरुवात केली. नाव नवं, जग नवं. दुसरी वाट तेव्हाच धरावी जेव्हा गोष्टीचा पायाच बदलायचा असेल. तुमचं गाव, घर, माणसं सगळं तेच ठेवायचं आहे, तेव्हा पहिलीच वाट तुमची.

आता काका घ्या, कारण सगळ्यात जास्त माल त्याच्यापाशी आहे.

वहीत बघा, साठ भागांत काका शेतात किती चौकटींत दिसतो? अशा पात्राच्या बाबतीत उत्तर बहुधा शून्य असतं. तो ओट्यावर, पानठेल्यावर, नाहीतर एसटीच्या थांब्यावर. कारण तुम्हाला माहीत आहे: ओटा काढायला सोपा, पराटीचं (कपाशीचं) वावर काढायला वेळ लागतो. वाचकाला ते माहीत नाही. त्याच्यासाठी ही त्या जगातली वस्तुस्थिती आहे. मग प्रश्न असा विचारा: शेतकऱ्याच्या घरातला धडधाकट माणूस साठ भाग वावरात पाय का ठेवत नाही?

एक उत्तर असं की वावर त्याचं राहिलेलं नाही. आपल्याकडे विनापरवाना सावकार तारण म्हणून गहाणखत करत बसत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी बोली असते की पैसे व्याजासकट फेडले की जमीन परत फिरवून देऊ. कागदावर ती विक्री. फेरफार होतो, सात-बारावर नाव बदलतं, आणि कधीकधी तोच माणूस तीच जमीन बटईने, म्हणजे पिकाचा वाटा देऊन, कसत राहतो, म्हणून गावाला पत्ता लागत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. व्यवहार सावकारीतला होता हे सिद्ध झालं तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत मिळू शकते. पण तक्रार करायची म्हणजे गावापुढे कबूल करायचं की वावर गेलं.

इथे काकाला साठ भागांत नसलेली गोष्ट मिळते: त्याला काहीतरी पाहिजे. कुणाला कळू नये हे पाहिजे. दारुडा म्हणून गाव हसलं तर चालतं, वावर घालवलं म्हणून हसलं तर चालत नाही. जुन्या भागांतली एक रेघही न बदलता त्यातले विनोद वेगळे वाचले जायला लागतात.

दृश्य कसं लिहायचं ते जवळून बघू. जुन्या भागातला नमुना धरा:

गज्या: काका, चाला ना वावरात.
काका: वावर काय पळून चाललं काय बे?

हशा, भाग संपला. आता १४३ वा भाग. तोच ओटा, तोच कोन, शक्य असेल तर जुन्या भागातलीच पार्श्वभूमी उचलून:

गज्या: काका, वावरात येता काय?
काका: पाय दुखून राह्यले.

दुसऱ्या चौकटीत फक्त काकाची चप्पल, आषाढ आहे आणि तिला चिखलाचा ठिपका नाही. तिसऱ्या चौकटीत मागे भांडी घासणारी गज्याची माय थांबलेली आहे, बोलत नाही. बस. तिला माहीत आहे, एवढं कळतं. काय माहीत आहे ते नाही. इथे भूतकाळातला प्रसंग टाकायचा मोह होईल. चार भाग तरी टाळा. खूण शब्दांत न ठेवता चित्रात ठेवायचं कारण असं की आठवड्याला एक भाग वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली तरी काही बिघडत नाही, आणि एका बैठकीत सगळं वाचणाऱ्याला ती नेमकी सापडते. तीच खूण संवादात टाकली तर पहिल्याला पुरत नाही आणि दुसऱ्याला डोक्यावर हाणल्यासारखी वाटते.

बदलाला तीन टप्पे लागतात. आधी खूण, मग किंमत, मग इतरांची प्रतिक्रिया, आणि दोन टप्प्यांत किमान दोन भागांचं अंतर. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे काका एकाच भागात दारू सोडतो आणि पारावर उभा राहून अर्धं पान भाषण ठोकतो. भाषणाने पात्र बदलत नाही, लेखकाची घाई तेवढी दिसते. दुसरी चूक जास्त वाईट: दारूमागचं दुःख कळलं म्हणून दारूचं नुकसान माफ होतं. काकूच्या हातावरचे वळ पहिल्या साठ भागांत विनोद म्हणून आले असतील, तर ते आता खरेच वळ आहेत. कारण सापडलं तरी काकूचं पान वेगळं आखा आणि तिला त्याच्यावर रागावलेलंच राहू द्या. काकू किती भाग रागावते यावरून तुमचं लिखाण किती प्रामाणिक आहे ते ओळखता येतं.

सावकाराची मिशी काढू नका. चेहरा वाचकाला पाठ झाला आहे, तो तसाच राहू द्या. काम बदला. आज खेड्यात उधारीची सूत्रं बऱ्याचदा कृषी केंद्राच्या काउंटरवर असतात: जूनमध्ये बियाणं-खत वहीत मांडून न्यायचं आणि कापूस आला की माल त्याच्याच काट्यावर टाकायचा. हा माणूस बापाचा मित्र असू शकतो. रात्री अकराला गज्याच्या आजीला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला गाडी तोच काढतो, डिझेलचे पैसे घेत नाही, आणि आठवड्याने मुद्रांक घेऊन येतो. दोन्ही खरं. त्याला पैसे पाहिजेत हे तर आहेच, पण गावाने आपल्याला देवमाणूस म्हणावं हेही पाहिजे, आणि त्या दुसऱ्या गरजेमुळेच तो कुठेतरी चुकेल. खलनायकाला अशी एक गरज द्या जी त्याच्या धंद्याच्या आड येते.

इथे वहीतला महिन्याचा रकाना कामी येतो. सुरुवातीच्या भागांत मागे कायम पांढराशुभ्र फुटलेला कापूस दिसतो, मग गोष्टीत जून असो की मार्च. यवतमाळकडचा वाचक हे पहिल्या झटक्यात पकडतो. पण खरी भानगड चित्राची नाही. मृगात शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, उधारी असते. पोळ्याला बैल सजतात तेव्हाही पीक उभंच असतं. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन वेचणी लागली की दिवाळीच्या आगेमागे पैसा दिसायला लागतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. गज्या जुलैमध्ये गाडी घेताना दिसला असेल तर त्याचा तो निर्णयच खोटा ठरतो. पुढच्या भागांत प्रत्येक मोठा निर्णय कुठल्या महिन्यात होतो ते आधी ठरवा, मग कोण कुणापुढे वाकेल ते आपसूक ठरतं. फवारणीचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, त्यामुळे पाठीवरच्या पंपावर जुना विनोद केला असेल तर तो भाग वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

रेखाबद्दल. आशा सेविकेला नायिका करणं ही निवड उत्तम होती, ती वापरली गेली नाही एवढंच. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. तिच्याकडे नोंदवही असते, ती प्रत्येक घरात जाते. कुणाला दिवस गेलेत, कुणाला टीबीचं औषध चालू आहे, कोण प्राथमिक आरोग्य केंद्रात 'पायरीवरून पडले' सांगून मलम लावून घेऊन गेली, हे गावात तिलाच माहीत, आणि यातलं काहीही बाहेर बोलायची तिला मुभा नाही. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला, तोही रखडतो. एवढं सगळं हाताशी असताना साठ भागांत ती फक्त रस्त्याने जाते आणि गज्या बघत राहतो. चाचणी करून बघा: रेखाला सगळ्या भागांतून काढून टाकलं तर कुठला प्रसंग अडतो? एकही अडत नसेल तर तिला असा एक निर्णय द्या जो गज्याच्या विरोधात जातो. काकूची नोंद तिच्या वहीत आहे. गज्या विचारतो, 'काकूले काय झालं?' ती सांगत नाही. त्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. तिच्या बाजूने बघितलं तर ती जे करायला हवं तेच करते आहे. दोघंही बरोबर आहेत आणि भांडण खरं आहे. तिच्या नजरेतून चार ते सहा भागांची आडकथा लिहा, त्यात गज्या जास्तीत जास्त दोनदा दिसावा. सहाच्या पुढे गेलात तर मुख्य गोष्टीचा धागा वाचकाच्या हातून सुटतो.

आता बाप. इथे सावकाश जावं लागेल.

विदर्भातल्या कितीतरी कॉमिकांत, लघुपटांत, एकांकिकांत पहिल्या पाच मिनिटांत बाप जातो, कारण नायकाला रडायला आणि पेटून उठायला कारण पाहिजे असतं. मग तो बाप पुन्हा कुणाला आठवत नाही. तुमच्या तिसऱ्या भागात नेमकं काय दाखवलं आहे ते तपासा. दोरी, फांदी, डबा, कुठलीही पद्धत दिसत असेल तर ती चौकट बदला; हे मागे हात घालायचं पहिलं कारण. रिकामी चौकट, बंद दार, अंगणात जमलेली माणसं, एवढं पुरतं. त्या भागाच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक टाका. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पण त्या भागाची खरी दुरुस्ती पुढे आहे, गज्याच्या मायच्या पानावर. अशा घरात त्यानंतर काय काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, फक्त ते कॉमिकात आलेलं नाही. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सात-बारा, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला. मग प्रकरण पात्र की अपात्र यावर समिती बसते. पात्र ठरलं तर मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. आता काकाच्या गोष्टीकडे परत या. बापाने पैसे कुठून घेतले होते? त्याच काउंटरवरून, ज्याला सावकारीचा परवाना नाही. म्हणजे प्रकरण अपात्र. म्हणजे मायने भांडी घासताना जे माहीत आहे ते हे: दोघा भावांनी एकाच माणसाचे पैसे घेतले, एकाने जीव दिला, दुसऱ्याने वावर. ती बोलली तर दिराची अब्रू जाते, नाही बोलली तर तिला काहीच मिळत नाही.

तीन पोकळ पात्रं एका कागदाला बांधली गेली, आणि त्यासाठी एकही जुना भाग बदलावा लागला नाही. असा एक समाईक धागा शोधणं प्रत्येक पात्राला वेगवेगळा 'भूतकाळ' देण्यापेक्षा कितीतरी किफायतशीर पडतं. पाच पात्रांना पाच दुःखं दिली की कॉमिकचं इस्पितळ होतं.

मायला काय पाहिजे ते एका ओळीत बसतं: 'सात-बारावर माहं नाव कधी लागन?' वारस नोंदीचा अर्ज, तलाठी, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. त्या १५ दिवसांत कोण हरकत घेतं? हे चार-पाच भाग आपोआप चालतात आणि त्यांत कुणाला रडायची गरज पडत नाही.

भाषेची निवड ही सुरुवातीची आणखी एक चूक, आणि ती जवळजवळ सगळे करतात. गज्या आणि रेखा पुस्तकी मराठी बोलतात, काका आणि म्हातारी वऱ्हाडी. म्हणजे बोली फक्त हसवायला. वाचकाला हे टोचतं, तो बोलून दाखवत नाही एवढंच. एकदम पुढच्या भागापासून गज्याला वऱ्हाडी बोलायला लावलं तर जुने वाचक गोंधळतील. त्याऐवजी कुठे कुठली भाषा हे ठरवा. बँकेत, तहसीलमध्ये, फोनवर साहेबांशी गज्या पुस्तकी बोलतो. घरी चिडला की वऱ्हाडीवर येतो. रेखा प्रशिक्षणात एक, बाळंतिणीच्या खोलीत दुसरी. दोन-तीन भागांत हे बसलं की साठ भागांतली पुस्तकी भाषा गज्याचा स्वभाव वाटायला लागते: चार लोकांत शिकलेला दिसायची त्याची हौस. मग कुणीतरी त्याला एकदा त्यावरून टोकू द्या.

यासाठी शब्दांचा एक कागद भिंतीला चिकटवा. 'राह्यला' की 'रायला', 'काऊन' की 'काहून', एकदा ठरवलं की तेच. 'ळ'च्या जागी 'य' कोण म्हणतं तेही वयाप्रमाणे ठरवा: म्हातारी 'डोया' म्हणेल, गज्या 'डोळा'. संवादाच्या एका फुग्यात बोलीच्या दोन-तीन खुणा पुरेत, प्रत्येक शब्द वाकवला तर नाशिकचा वाचक सोडाच, अकोल्याचाही अडखळतो. नागपूरची हिंदीमिश्रित बोली आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली या वेगळ्या आहेत. झाडीपट्टीच्या नाटकात ऐकलेली वाक्यं आर्णीच्या माणसाच्या तोंडी घालू नका. तुमच्या भागात बंजारा तांडे आहेत, तिथलं पात्र घरात गोरमाटी बोलेल. ती येत नसेल तर चुकीची लिहिण्यापेक्षा साध्या मराठीत लिहून फुग्याचा रंग बदला. वाचक दोन भागांत समजतो.

नावांबद्दल थोडक्यात. गज्या, गण्या, गोप्या असे तिघं असतील तर आठवड्याने परत येणाऱ्या वाचकाला कोण कोण ते कळत नाही. नाव बदलू नका, मित्रांनी ठेवलेलं टोपणनाव एका भागात रुजवा आणि पुढे तेच वापरा. आणि सगळी पात्रं बोटभर उंचीची काळी सावली करून बघा, दुपट्टा, पदर, टोपी, पोट यांवरून ओळखू येतात का.

आडनाव मात्र नाजूक. आपल्याकडे आडनाव वाचलं की जात वाचली जाते. सगळ्यांना पाळण्यातली नावं आणि एकट्या सावकाराला आडनाव, असं झालं असेल तर वाचकाने त्याचा अर्थ कधीच काढलेला आहे. हे मागे हात घालायचं दुसरं कारण: जात, अपंगत्व, रंग किंवा आजारावर उभा असलेला विनोद. तिसरं कारण म्हणजे ओळखू येणारा खरा माणूस. गावातल्या कुणाची गाडी, मस, चालण्याची लकब, पद आणि प्रसंग यांतल्या तीन गोष्टी जुळल्या की गाव नाव घेतं. दोन तरी बदला. भारतीय न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ चित्रालाही लागू होतं. आणि कलमाचं राहू द्या, त्याच माणसाच्या पोराबरोबर तुम्हाला एसटीत बसायचं असतं.

शेवटी प्रत्यक्ष दुरुस्ती. या तीन कारणांपुरतीच, आणि जमेल तिथे फक्त फुग्यातला मजकूर बदलून. थर असलेली मूळ फाइल 'मूळ' नावाने वेगळी ठेवा, तिच्यावर काम करू नका. फुगा मोठा करू नका, मजकूर कापा. ८०० पिक्सेल रुंदीच्या पानावर अक्षर तीस पिक्सेलच्या खाली गेलं की फोनवर जोडाक्षरं चिकटतात, आणि 'राह्यला'सारखे शब्द सगळ्यात आधी बिघडतात. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारात घुसतो. 'मुक्ता' किंवा 'बालू'सारखा युनिकोड टंक घ्या, जुन्या टंकांत टाइप केलेलं नंतर शोधता येत नाही.

वेबटून या कॉमिकांच्या संकेतस्थळावर, त्याच्या 'कॅनव्हास' विभागात, भाग संपादित करून चित्र बदलता येतं. तिथे एका तुकड्याची उंची १२८० पिक्सेलपर्यंत धरा. इन्स्टाग्रामवर टाकलेलं चित्र बदलता येत नाही, फक्त खालचा मजकूर बदलतो. तिथला भाग दुरुस्त करायचा तर जुना संग्रहात हलवून नवा टाकावा लागतो, आणि प्रतिक्रिया जुन्याबरोबर जातात. त्या आधी पडद्याचं छायाचित्र घेऊन ठेवा, विशेषतः कुणी आक्षेप घेतला होता त्या. भागांचे क्रमांक हलवू नका. खाली एकच ओळ लिहा: 'चौकट ४ मधला मजकूर अमुक महिन्यात बदलला', सोबत कारण चार शब्दांत. लांबलचक माफीनामा टाकला की चर्चा गोष्टीवरून तुमच्यावर येते. कुणी 'जुनंच बरं होतं' म्हटलं तर वाद घालू नका, त्याला कुठला विनोद आवडला होता तेवढं विचारा आणि वहीत नोंदवा. बऱ्याचदा तो काकाचाच असतो, आणि काका तर अजून गोष्टीत आहे.